ताज्या अननसाचं श्रीखंड फ्रिजमध्ये ठेवूनही कडू का होतं

एका ताईंनी विचारलंय, त्या घरून श्रीखंडाच्या ऑर्डरी घेतात. पाडव्याला चार किलो अननस श्रीखंड केलं, ताजा पिकलेला अननस बारीक चिरून घातला, रात्री चाखलं तेव्हा चव एकदम छान होती, लगेच डबे भरून फ्रिजमध्ये ठेवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले की श्रीखंड पातळ झालंय आणि मागून कडवट लागतंय. त्याच चक्क्याचं आम्रखंड मात्र ठणठणीत राहिलं. टिनमधला अननस घालतात तेव्हाही काही होत नाही. त्यांची अकरावीतली मुलगी म्हणाली की हे एन्झाइमचं, म्हणजे रासायनिक बदल भराभर घडवून आणणाऱ्या पदार्थाचं, काम आहे, पण तिच्याच पुस्तकातल्या आलेखात थंडीत एन्झाइमचं काम जवळजवळ शून्यावर दाखवलंय, मग फ्रिजमध्ये हे घडलं कसं?

ताई, मुलगी बरोबर सांगतेय आणि तिचा आलेखही बरोबर आहे. फक्त तो आलेख वाचताना एक गोष्ट बहुतेकांची सुटते आणि तुमचं नुकसान नेमकं तिथेच झालंय. मी बावीस वर्षं डेअरीच्या क्वालिटी लॅबमध्ये काढली, आता छोट्या युनिटवाल्यांना मदत करते, आणि हा प्रश्न दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक खात्री करून घ्या. श्रीखंड कडू होण्याची कारणं अननसाशिवायही असतात. विरजण जुनं झालेलं असेल, दूध विरजण्याआधी दोन-तीन दिवस थंडीत पडून असेल, जायफळ जास्त पडलं असेल, तर साधं श्रीखंडही कडवट होतं. म्हणून कधीही तक्रार आली की त्याच चक्क्याचा बिनफळाचा घास आधी चाखायचा. तुमचं आम्रखंड नीट राहिलं म्हणजे चक्का निर्दोष आहे, दोष अननसातून आलाय, हे तुमच्या सांगण्यावरूनच कळतं.

आता अननसात आहे काय, तर ब्रोमेलेन. प्रोटीन तोडणारा एन्झाइम. आणि चक्का म्हणजे काय, तर पाणी निथळलेलं केसिनचं जाळं, केसिन हे दुधातलं मुख्य प्रोटीन. केसिनची एक साखळी सुमारे दोनशे अमिनो आम्लांची असते, मण्यांच्या माळेसारखी. ब्रोमेलेन ही माळ मधे मधे तोडतो. जाळं तुटलं की त्यात अडकलेलं पाणी सुटतं, म्हणून श्रीखंड पातळ. आणि केसिनच्या माळेत काही मणी असे असतात जे पाण्यापासून लांब राहतात, अख्ख्या प्रोटीनमध्ये ते आत दडलेले असतात, जीभेला लागत नाहीत. माळ तुटून बारीक तुकडे झाले की तेच मणी उघडे पडतात आणि जीभेवरच्या कडू चव ओळखणाऱ्या जागांवर जाऊन बसतात. म्हणजे तो कडूपणा अननसातून आलेला नाही, तुमच्या चक्क्यातूनच तयार झालाय. दूध चांगलं, अननस चांगला, साखर चांगली, तरी कडू, याचं कोडं इथे सुटतं.

एन्झाइम हे काम करतो कसं, हे मुलीसाठी थोडं सांगते. एन्झाइम हा स्वतः एक प्रोटीनच असतो, लांब माळ, पण विशिष्ट पद्धतीने घडी घालून गुंडाळलेली. त्या घडीमुळे त्याच्या अंगावर एक खाच तयार होते. केसिनच्या माळेचा तुकडा त्या खाचेत बसतो, खाचेतला एक गंधकाचा अणू दोन मण्यांमधल्या जोडावर हल्ला करतो, मग पाण्याचा रेणू येऊन काम पुरं करतो, माळेचे दोन भाग होऊन सुटतात आणि एन्झाइम जसा होता तसा मोकळा, पुढची माळ धरायला तयार. हा जोड पाण्यात आपोआप तुटायचा म्हटलं तर शेकडो वर्षं लागतील. एन्झाइम फक्त मधला चढ कमी करतो. खंबाटकीला बोगदा आहे ना, साताऱ्याहून पुण्याकडे येताना घाट चढावा लागत नाही, सातारा तिथेच आहे, पुणे तिथेच आहे, फक्त मधली चढण गेली. एन्झाइम असा बोगदा आहे, आणि शंभर गाड्या गेल्या म्हणून बोगदा झिजून संपत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, एन्झाइम वापरून संपत नाही. म्हणून 'थोडासाच अननस घातला होता' हे उत्तर कामाचं नाही.

पुस्तकात कुलूप-किल्ली असं शिकवतात, खाच म्हणजे कुलूप आणि त्यात बसणारी माळ म्हणजे किल्ली, ती कल्पना रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये मांडली. ती समजायला सोपी आहे पण कुलूप असतं ताठ, एन्झाइम ताठ नसतो. १९५८ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ डॅनियल कोशलँड यांनी सुधारणा केली, की माळ आत आली की खाच स्वतः थोडी आवळते, हातमोज्यात हात गेल्यावर मोजा हाताचा आकार घेतो तसं. मला हे दुसरं चित्र जास्त पटतं, कारण एन्झाइम हा लवचिक आणि नाजूक घडीचा आहे हे एकदा डोक्यात बसलं की तापमान आणि आंबटपणाचा सगळा विषय आपोआप उलगडतो.

आणखी एक. बऱ्याच जणींना वाटतं की अननस चिरला, साखरेत घातला, म्हणजे तो 'मेला', आता त्याच्यात काय उरलंय काम करायला? एन्झाइमला जिवंत पेशी लागत नाही. हे १८९७ मध्ये रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ट बुखनर यांनी दाखवून दिलं, यीस्ट वाळूबरोबर घोटून त्याचा नुसता रस काढला, त्यात एकही जिवंत पेशी नाही, तरी साखर घातल्यावर ती आंबली. त्यासाठी त्यांना १९०७ चं नोबेल मिळालं. उलट चिरल्यामुळे काम वाढतं, पेशी फुटतात आणि रस बाहेर येऊन थेट चक्क्याला भिडतो, जितकं बारीक चिराल तितकं जास्त.

आता मुख्य मुद्दा, तो आलेख. घंटेच्या आकाराचा असतो, आडव्या रेषेवर तापमान, उभ्या रेषेवर एन्झाइमचा वेग, मधे शिखर, दोन्ही बाजूंना उतार. बघणाऱ्याला वाटतं दोन्ही बाजू सारख्याच, थंडीनेही बंद आणि उष्णतेनेही बंद. पण दोन उतारांची कारणं पूर्ण वेगळी आहेत.

डावीकडचा, थंडीचा उतार म्हणजे नुसता मंदपणा. रेणू हळू हलतात, माळ खाचेपर्यंत पोचायला वेळ लागतो, जोर कमी पडतो. एन्झाइमची घडी मात्र शाबूत असते. साधारण हिशेब असा धरतात की तापमान १० डिग्रीने कमी झालं की वेग निम्मा होतो. तुमच्या ओट्यावर पाडव्याच्या रात्री ३० डिग्री असेल आणि फ्रिजमध्ये ५, म्हणजे २५ डिग्रीचा फरक, वेग पाच-सहा पटीने कमी. शून्य नाही. ओट्यावर जे श्रीखंड दोन-तीन तासांत बिघडलं असतं ते फ्रिजमध्ये बारा ते अठरा तासांत बिघडणार. तुम्ही रात्री भरलं आणि फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आले, हिशेब कसा बसतोय बघा. हा ढोबळ हिशेब आहे, अननस किती पिकलेला, किती घातला, किती बारीक चिरला यावर तो पुढेमागे होईल, पण 'फ्रिजमध्ये आहे म्हणजे थांबलंय' हे कुठल्याच परिस्थितीत खरं नाही.

त्यात एक गोष्ट अशी की डबा फ्रिजमध्ये ठेवला म्हणजे श्रीखंड लगेच थंड झालं असं होत नाही. श्रीखंड घट्ट असतं, आतल्या आत हलत नाही, त्यामुळे मोठ्या डब्याच्या मधल्या भागाला थंड व्हायला कित्येक तास लागतात. मी थर्मामीटर खुपसून बघितलेलं आहे, कडेचं श्रीखंड गार लागतं आणि मधलं अजून कोमट. सणाच्या दिवशी फ्रिज गच्च भरलेला आणि दार सारखं उघडलं जातंय, मग तर विचारूच नका.

डीप फ्रीझरचंही तेच. गोठवलेल्या अननसात ब्रोमेलेन जिवंत म्हणू नये पण शाबूत असतो, बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतो. हिरवे वटाणे फ्रीझरमध्ये टाकायच्या आधी उकळत्या पाण्यातून मिनिट-दोन मिनिटं काढतात ते याचसाठी. तसं न करता ठेवलेल्या वटाण्याचा रंग आणि चव फ्रीझरमध्येसुद्धा हळूहळू बिघडते.

उजवीकडचा उतार मात्र वेगळा आहे. तिथे एन्झाइमची घडीच उसवते. माळ तुटत नाही, पण गुंडाळी सुटते, खाच मोडते, आणि मग परत थंड केलं तरी ती घडी पुन्हा तशी बसत नाही. अंडं उकडलं आणि नंतर फ्रिजमध्ये ठेवलं तर ते परत कच्चं होतं का? तसंच. टिनमधला अननस डब्यात बंद केल्यावर चांगला तापवलेला असतो, त्याचा एन्झाइम तिथेच संपलेला असतो, म्हणून तो तुम्हाला कधी त्रास देत नाही. अननसाचा शिरा कधी कडू झालाय का, नाही, कारण तो शिजतो.

डेअरीत आम्ही या उजव्या उतारावर रोज विसंबून असायचो. दूध ७२ डिग्रीला १५ सेकंद किंवा ६३ डिग्रीला ३० मिनिटं तापवलं की पाश्चराइज झालं म्हणतात, पण खरंच झालं का हे कसं कळणार? दुधात मुळातच अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचा एन्झाइम असतो, तो रोगजंतू मरायला लागते त्यापेक्षा किंचित जास्त उष्णतेला मोडतो. तो दुधात काम करताना सापडला तर समजायचं की दूध नीट तापलेलं नाही किंवा त्यात कच्चं दूध मिसळलंय. एका एन्झाइमच्या घडीवर सगळ्या गावाच्या दुधाची खात्री.

पण सगळे एन्झाइम एकाच तापमानाला मोडत नाहीत, हेही सांगायला हवं. थंडीत जास्त दिवस साठवलेल्या कच्च्या दुधात काही बॅक्टेरिया वाढतात, त्यांचे प्रोटीन तोडणारे एन्झाइम इतके चिवट की दूध उकळलं, बॅक्टेरिया मेले, तरी एन्झाइम उरतात आणि दूध नंतर कडू करतात. वर मी दूध पडून राहण्याबद्दल म्हटलं ते यासाठी. ब्रोमेलेन इतका चिवट नाही. ५०-६० डिग्रीला तर तो उलट जोरात काम करतो, ऐंशीच्या वर गेला की काही मिनिटांत संपतो. कोमट करून उपयोग नाही, कोमट करणं म्हणजे त्याला बळ देणं.

याचा धडा मला एका छोट्या युनिटमध्ये मिळाला, मी तिथे नवीनच होते. आम्ही २५ किलो श्रीखंड केलं होतं, अननस 'शिजवलेला' घालून. तरी दुसऱ्या दिवशी कडू. सगळे म्हणायला लागले की एन्झाइमची थिअरीच चुकीची आहे. मग मी पद्धत बघितली, तर साखरेचा पाक उकळून इंच-इंचाच्या तुकड्यांवर ओतायचे आणि झाकून ठेवायचे. पाक उकळता होता, तुकडा बाहेरून मऊ दिसत होता, पण तुकड्याच्या मधोमध थर्मामीटरची सुई घातली तर ५८ डिग्री. म्हणजे आतला एन्झाइम शाबूत, वर त्याच्या आवडीच्या तापमानाला अर्धा तास. त्या दिवसापासून मी भांड्याचं तापमान विचारत नाही, तुकड्याच्या मधलं विचारते.

आंबटपणाबद्दल. प्रत्येक एन्झाइमला त्याचा पीएच लागतो, पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट, कारण त्या घडीला धरून ठेवणारे धन-ऋण भार पीएचप्रमाणे बदलतात. पोटातला पेप्सिन पीएच २ च्या आसपास खूश असतो, लाळेतला अमायलेज साधारण ७ जवळ, आणि तो पोटातल्या आम्लात पोचला की बंद पडतो. चिरलेल्या सफरचंदाला लिंबू लावलं की काळं पडत नाही ते याच कारणाने, काळं करणारा एन्झाइम आंबटात नीट चालत नाही. म्हणून तुम्हाला वाटेल की श्रीखंडही आंबट आहे, मग ब्रोमेलेन का थांबत नाही? कारण अननस स्वतःच आंबट फळ आहे, त्याचा एन्झाइम बऱ्याच रुंद पट्ट्यात चालतो, श्रीखंडाचा साडेचारच्या आसपासचा पीएच त्याला अडवत नाही. लिंबू पिळून हा प्रश्न सुटणार नाही.

प्रमाणाबद्दलही विचारलंय, अननस निम्मा घातला तर? पंगतीच्या पोळ्यांचं उदाहरण घ्या. एक बाई लाटायला बसलीय, समोर कणकेचे चार गोळे असोत की चारशे, तिचा वेग तिच्या हाताचा. गोळे कमी असतील तर ती गोळ्यांची वाट बघेल, पण ढीग लागल्यावर अजून गोळे ठेवून पोळ्या वाढत नाहीत, दुसरी बाई बसवावी लागते. श्रीखंडात केसिनचा ढीगच ढीग आहे, त्यामुळे वेग ठरतो तो एन्झाइम किती आहे यावर. अननस निम्मा केलात तर बिघडायला साधारण दुप्पट वेळ लागेल, एवढंच. थांबणार नाही.

आणि एन्झाइम किती नेमका असतो ते बघायचं असेल तर मुलीला हा प्रयोग करू दे, शाळेत दाखवण्यासारखा आहे. जिलेटिनची जेली ताज्या अननसाबरोबर घट्ट होतच नाही, कारण जिलेटिन प्रोटीन आहे. तीच जेली चायना ग्रासची केली तर मस्त जमते, कारण चायना ग्रास समुद्री शेवाळातलं कर्बोदक आहे, ब्रोमेलेनच्या खाचेत ते बसतच नाही. तोच अननस, तोच चमचा, एक वाटी पातळ आणि एक वाटी घट्ट.

स्वयंपाकघरात हे सगळीकडे आहे. मटण मऊ व्हायला कच्ची पपई लावतो, त्यातला प्रोटीन तोडणारा एन्झाइम म्हणजे पपेन. चहात आलं दुधाबरोबर घातलं की कधी कधी दूध फाटतं, आल्यातही प्रोटीन तोडणारा एन्झाइम असतो, म्हणून आलं आधी पाण्यात खळखळ उकळायचं आणि मग दूध ओतायचं. कस्टर्डमध्ये उष्टा चमचा गेला की दुसऱ्या दिवशी ते पाणी होतं, तो लाळेतला अमायलेज, कॉर्नफ्लोअरचा स्टार्च तोडतो. उष्टं मिसळू नये हे आजी सांगायची त्याला हेही एक कारण आहे.

आता तुमच्या ऑर्डरीसाठी मी काय करते ते सांगते. अननसाचे तुकडे बोटाच्या पेराच्या निम्म्याहून मोठे नकोत, साधारण एक सेंटीमीटर. कढईत थोडी साखर आणि त्याचाच रस घालून झाकण ठेवायचं, खळखळ उकळी आली की तिथून पाच मिनिटं, मधे दोनदा हलवायचं म्हणजे वरचे तुकडेही खाली जातील. दीडशे-दोनशे रुपयांपासून सुईचा डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो घ्याच, सगळ्यात मोठ्या तुकड्याच्या मधे ८५ दाखवला की काम झालं. मग चाळणीवर निथळायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच चक्क्यात, गरम घातलं तर चक्का वेगळ्या कारणाने पातळ होईल. निथळलेला पाक फेकू नका, सरबताला चालतो. कच्चा अननस ज्या सुरी-पाटावर चिरला तो धुतल्याशिवाय शिजलेल्या तुकड्यांना लावायचा नाही, आणि डब्यावर सजावटीला कच्चा तुकडा तर अजिबात नाही, मेहनत सगळी पाण्यात.

पहिल्यांदा करताना आदल्या दिवशी तीन वाट्या करा. एकीत नुसता साखर घातलेला चक्का, दुसरीत शिजवलेला अननस घालून, तिसरीत कच्चा घालून. फ्रिजमध्ये नाही, ओट्यावर ठेवायच्या, कारण उबेत एन्झाइम भराभर काम करेल आणि चार-पाच तासांत उत्तर मिळेल. नुसत्या चक्क्याची वाटी यासाठी की बाहेर ठेवल्यामुळे जी आंबट होईल ती किती, हे वेगळं कळेल. दुसरी वाटी पहिलीसारखी घट्ट राहिली की बिनधास्त ऑर्डर घ्या. तिसरी तुमच्या मुलीला दाखवा.

ताज्या अननसाचा तो तरतरीत वास शिजवल्यावर थोडा जातो हे खरं आहे, ते मी नाकारणार नाही. ज्यांना तोच हवा त्यांना कच्चे तुकडे वेगळ्या छोट्या डबीत द्या आणि सांगा की पानात वाढताना वरून घाला. अर्ध्या तासात खाल्लं तर काहीही होत नाही.

बाकी फळांचं विचाराल तर किवी, ताजे अंजीर आणि पपई यांच्यातही असेच एन्झाइम आहेत, त्यांना हाच नियम, पपईचा पपेन तर ब्रोमेलेनपेक्षा उष्णतेला जास्त चिवट असतो. आंबा, चिकू, स्ट्रॉबेरी यांचा हा त्रास नाही, कच्चेच घाला. सीताफळाचं मात्र बरोब्बर उलट आहे, त्याचा गर गरम केला की कडू होतो. त्यामुळे अननसाचं वाचून दिवाळीत सीताफळाचा गर उकळायला घेऊ नका, तो कच्चाच, गार, आणि सगळ्यात शेवटी घालायचा.